न लावलेल्या दिव्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक
तथा अध्यक्ष, अभ्यास देखरेख समिती,
दंत रुग्णालय.

अर्जदार : परिचारिका, निर्जंतुकीकरण कक्ष, तळमजला.

विषय : दंतरोपणाच्या स्क्रूवर अतिनील किरण टाकण्याच्या अभ्यासातील गुपित माझ्या सासूबाईंना कळवले जावे, तसेच मला निर्दोष ठरवणारे आपले पत्र मागे घेतले जावे, याबाबत विनंती.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, ज्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा आहे.
२) आपले उत्तर, ज्यात माझी काहीही चूक नाही असे म्हटले आहे.
३) कर्मचारी सभेत वाजलेल्या टाळ्या.

महोदय,

१) उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, या विषयावरचा माझा हा दुसरा अर्ज आहे. पहिला अर्ज मागील महिन्यात दिला होता. तो देताना खिडकीवरच्या आवक लिपिकांनी विचारले, "बाई, तक्रार कोणाविरुद्ध आहे?" मी सांगितले, माझ्याविरुद्ध. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "अर्जदार आणि गैरअर्जदार एकच माणूस चालत नाही. कोणीतरी दुसरं असेल ना? आठवून बघा." मी तिथेच उभी राहून खरोखर आठवून पाहिले, पण दुसरे कोणी सापडले नाही. शेवटी त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारून अर्ज आत पाठवला. त्या अर्जात मी नियम लिहिले, घडलेला प्रकार लिहिला आणि जे लिहायला हवे होते तेच नेमके गिळले. ते आता परिच्छेद ५ मध्ये लिहिले आहे. आपण कामात असता हे जाणून आहे, तरी त्याच्या आधीचे परिच्छेद वगळू नयेत ही विनंती.

२) आपण समितीचे अध्यक्ष असल्याने अभ्यासाची माहिती आपणास आहेच. परंतु समितीवर नवे सदस्य आले आहेत व त्यांतील एक हिशेब विभागाचे आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. दात किंवा कवळी पक्की बसावी म्हणून जबड्याच्या हाडात धातूचा जो स्क्रू घालतात, तो कारखान्यातून निघतो तेव्हा ताजा असतो. पाकिटात पडून पडून तो शिळा होतो. दिसायला तसाच चकचकीत, जंतू औषधालाही नाही, पण हवेतला तेलकटपणा त्याच्या अंगावर अगदी पातळ चढतो. अशा स्क्रूवर पाण्याचा थेंब सोडला तर तो मण्यासारखा उभा राहतो. रक्ताचेही तेच. अतिनील दिव्याखाली काही मिनिटे ठेवला की तो तेलकटपणा निघून जातो, थेंब टेकताच पसरतो आणि हाड त्याला लवकर धरते, असे म्हणतात. 'असे म्हणतात' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत, कारण ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठीच अभ्यास सुरू आहे. निम्म्या रुग्णांच्या स्क्रूवर दिवा लावायचा, निम्म्यांच्या नाही. कोणाला दिवा मिळाला हे रुग्णाला कळू द्यायचे नाही, डॉक्टरांनाही नाही, नाहीतर जो तो निकाल आपल्या मनासारखा बघतो. म्हणून दिवा लावायचा नसेल तेव्हाही स्क्रू पेटीत ठेवतात, झाकण लावतात आणि पेटीचा नुसता पंखा तेवढाच वेळ फिरवतात. बाहेर घूंऽऽ असा आवाज सारखाच येतो. आत उजेड आहे की अंधार, हे फक्त पेटी चालवणाऱ्याला ठाऊक असते. पेटी मी चालवते. कापडी पिशवीत हात घालून मी एक चकती काढते, पांढरी निघाली तर दिवा आणि काळी निघाली तर नुसता पंखा. काढलेली चकती परत टाकता येत नाही, आणि ती कोणत्या रंगाची होती हे आपल्याखेरीज कोणालाही, डॉक्टरांना व घरच्यांना धरून, सांगणार नाही अशी शपथ मी आपल्यासमोर घेतली आहे.

३) सदर अभ्यासात माझ्या सासूबाई रुग्ण म्हणून दाखल आहेत. या अर्जात त्यांना 'सदर रुग्ण' असे लिहून पाहिले, पण हात चालेना. म्हणून घरी म्हणते तसे 'आई' असेच लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. आईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांची खालची कवळी जागेवर राहत नाही. हसल्या की उडते, म्हणून त्या तोंडावर हात धरून हसतात. घास चावताना ती टकटक वाजते, म्हणून सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर त्या स्वयंपाकघरात एकट्या जेवतात आणि विचारले की म्हणतात, मला आधी भूकच नव्हती. चारचौघांत बसून जेवायचे, एवढीच त्यांची इच्छा आहे. खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकवायची असे ठरले. माझ्या नणंदेने अभ्यासाची सूचना वाचून त्यांचे नाव नोंदवले. कर्मचाऱ्याचे नातेवाईक घेऊ नयेत असे नियमात कुठे नव्हते. मी डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "उलट बरंच झालं की. घरची माणसं तपासणीला वेळेवर येतात."

येथे आमच्या घरातील एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. ती क्षुल्लक वाटेल, पण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. या रुग्णालयातली सगळी हत्यारे माझ्या हातून जातात. मी दिलेला चिमटा डॉक्टर डोळे मिटून रुग्णाच्या तोंडात घालतात. परंतु घरी मी घासलेले ताट आई नळाखाली धरतात, पाणी त्यावरून कसे ओघळते ते बघतात आणि पुन्हा घासतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे चालू आहे. त्या कधी टोमणा मारत नाहीत, आवाज चढवत नाहीत. नुसता नळ सोडतात. टोमणा मारला असता तर उलटून बोलता तरी आले असते. नळाच्या आवाजाला काय उत्तर देणार?

४) शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नणंद आमच्याकडे आली. मी तिला पाणी दिले. आईंनी तो पेला तिच्या हातातून काढून घेतला, विसळला आणि पुन्हा भरून दिला. दोघी माझ्यासमोरच होत्या. त्यावर मी पुढील वाक्य उच्चारले, जे जसेच्या तसे देत आहे : "माझ्या हातांचा एवढाच विटाळ असेल तर दातही दुसऱ्या कोणाकडून धुऊन घ्या. तिथंही हेच हात आहेत." नणंद म्हणाली, "अगं वहिनी!" आईंनी खाली बघत पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मात्र रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना त्यांनी नेहमीसारखे माझे कोपर धरले.

खुर्चीत बसवल्यावर त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आत माझी सून आहे ना? मग मला कसली काळजी!" पेटीची खोली लागूनच आहे व दार किलकिले होते, त्यामुळे मला ते ऐकू आले. मला त्याचा आणखीच राग आला. घरी पेला विसळायचा आणि बाहेर सुनेचे गोडवे गायचे, असे माझ्या मनात आले. आज वाटते, बिचाऱ्या घाबरल्या होत्या आणि सकाळचे मिटवायला त्यांना दुसरी भाषा येत नव्हती.

५) मी पिशवीत हात घातला. नियमानुसार भिंतीकडे बघत चकती काढली. काळी निघाली.

नियमानुसार मला त्या वेळी काहीच वाटायला नको होते. सून म्हणून वाईट वाटायला हवे होते. या दोन्हींपैकी काहीही झाले नाही. माझ्या मनात आले, "बरं झालं."

हे दोन शब्द मी पहिल्या अर्जात लिहिले नव्हते. मी दिवा लावला नाही ही माझी तक्रार नाही. काळी चकती निघाल्यावर दिवा लावायचा नसतोच आणि दुसऱ्या कोणासाठी निघाली असती तरी मी तेच केले असते. तक्रार अशी आहे की, मी दिव्याच्या खटक्यावरचा हात काढून पंख्याच्या खटक्यावर ठेवला तो हात नियमाने हलला की रागाने, हे मला सांगता येत नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. पंखा फिरत होता तेवढा वेळ मी स्टुलावर बसले होते आणि मला छान वाटत होते. पेटीत आईंचे दोन स्क्रू अंधारात पडले होते. तेवढ्यात आईंनी पलीकडून विचारले, "लागला का गं दिवा?" अशा वेळी काय म्हणायचे ते आपण ठरवून दिले आहे. 'पेटीचे काम सुरू आहे' हे वाक्य माझ्यासमोर भिंतीवर चिकटवलेले आहे. मी ते वाचले आणि म्हणाले, "हो आई, लागला." का म्हणाले ते ठाऊक नाही. बहुधा आवाज तरी गोड काढावा म्हणून. माझी काहीही चूक नाही असे आपण पत्रात म्हटले आहे, तर नियमभंग येथे झाला आहे. कृपया नोंद घ्यावी.

६) त्यानंतर घरी जे झाले ते अर्जदारास अधिक जड गेले आहे. शस्त्रक्रियेपासून आईंनी माझी भांडी पुन्हा घासणे बंद केले. पहिले काही दिवस मला वाटले, तोंड दुखत असेल, वाकवत नसेल. पण जखम भरली तरी नळ सुटला नाही. जिन्यात शेजारणी भेटल्या की त्या सांगत, "आमच्या हिनं स्वतः दिव्याखाली धरून दिलाय माझा स्क्रू. असा दिवा की नुसत्या डोळ्यांनी बघायचा नाही, काळा चष्मा लागतो." शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघत आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होई. एकदा मी मुद्दाम ताट तेलकट ठेवले. आईंनी ते उचलले, अंगठा फिरवला, त्यांना ते कळले. माझ्याकडे बघितले, आणि ताट तसेच फळीवर लावून ठेवले. त्या बाहेर गेल्यावर मी ते खाली काढून घासले. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षे आतल्या आत जळत होते, ती मला अशा रीतीने मिळाली. त्यांनी पुन्हा नळ सोडावा म्हणून मी आता देवाला हात जोडते.

मग उजवीकडचा स्क्रू हलू लागला. तपासणीत डॉक्टरांनी त्यावर पक्केपणा मोजण्याचे यंत्र लावले, आकडा पाहिला आणि नुसतेच "हं" म्हणाले. पुढच्या तपासणीला तो दोन बोटांनी फिरला. हाडाने त्याला धरलेच नव्हते. तो काढून टाकावा लागला. डावीकडचा कसाबसा धरून आहे. डॉक्टर म्हणाले, वय झालेय, हाड विरळ आहे, असे होते कधीकधी. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. स्क्रू त्यात पडला तरी मी ट्रे पुढेच धरून राहिले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले की मी सकाळी काही खाल्ले आहे का.

७) दुसऱ्या दिवशी आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले, दार लोटले आणि हळूच सांगितले, "माझ्याच हातून झालंय गं हे. शेंगदाणे खाल्ले मी. दोनच. डाव्या बाजूनं चावले, पण एक निसटला असेल उजवीकडं." मी म्हणाले, दोन शेंगदाण्यांनी काही होत नसते. त्या म्हणाल्या, "तू चांगली म्हणून म्हणतेस तसं. डॉक्टरांना सांगू नकोस हं, ते तुलाच बोलतील की घरी लक्ष नाही ठेवलं. एवढा तू दिवा लावलास आणि मी जिभेपायी घालवलं सगळं."

महोदय, तेव्हापासून आई कडक असे काही तोंडात घालत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्या स्वतःला शिक्षा करत आहेत. जेवायला त्या पूर्वी एकट्या बसत, आता पेज घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. शेंगदाण्याचा डबा त्यांनी सगळ्यांत वरच्या फळीवर, जिथे त्यांचा हात पोचत नाही तिथे, मलाच ठेवायला लावला. मी स्टुलावर चढून तो ठेवला.

८) या पार्श्वभूमीवर मी पहिला अर्ज केला होता. आपले उत्तर आले की, "आपण विहित कार्यपद्धतीनुसार वागल्याचे दिसून येत असल्याने आपली कोणतीही चूक नाही. दिव्याने फरक पडतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही. दिवा न मिळालेल्या अनेक रुग्णांचे स्क्रू व्यवस्थित बसले आहेत. सबब मनास लावून घेऊ नये." यातला शब्द न् शब्द बरोबर आहे व त्याने मला काडीचाही आधार मिळाला नाही. मनास लावून घेऊ नये असा आदेश पाळण्याचा मी प्रयत्न केला, तो साधला नाही, हेही येथे कळवते.

नंतर कर्मचारी सभेत आपण नाव न घेता म्हणालात की, आपल्यातील एका कर्मचाऱ्यावर घरच्याच माणसाच्या बाबतीत कसोटीची वेळ आली, पण त्यांनी कर्तव्यापुढे नाते पाहिले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मी एकटीनेच वाजवल्या नसत्या तर ती मीच हे कळले असते. शेजारी बसलेली क्ष-किरण विभागाची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कोण असेल गं ती? मला तर नाही जमणार बाई असं." त्यानंतर आपण मला खोलीत बोलावून प्रशंसापत्र दिलेत. मी ते घेतले आणि धन्यवाद म्हणाले. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला कौतुक मिळाले की तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ल्यासारखे होते, एवढेच सांगते.

मी लिपिकांकडे अशीही चौकशी केली की, निदान एक कारणे दाखवा नोटीस तरी मला मिळू शकेल का. ते म्हणाले, "चूक नसलेल्या माणसाला नोटीस दिली तर वरून आम्हालाच नोटीस येते. तुम्ही दुसरी एखादी चूक करा ना, छोटीशी. उशिरा या दोन दिवस." मी दुसऱ्या दिवशी उशिरा आले. मुख्य परिचारिका म्हणाल्या, घरी सासूबाईंचे दुखणे आहे, असू दे, आणि माझ्या नावापुढे हजेरी लावून टाकली.

९) एवढ्यावरच राहिले असते तर मी आपणास पुन्हा त्रास दिला नसता. पण येत्या गुरुवारी आईंच्या उजव्या बाजूस दुसरा स्क्रू बसवायचा आहे. नियम असा आहे की, अभ्यासातील रुग्णाचा स्क्रू निकामी झाला तर दुसरा बसवताना नवीन चकती काढायची नाही. रुग्ण ज्या गटात आहे त्याच गटात राहील. म्हणजे गुरुवारी मी पुन्हा आईंचा स्क्रू पेटीत ठेवणार, झाकण लावणार, पंखा फिरवणार. डॉक्टर म्हणाले आहेत की याही वेळी हाडाने धरले नाही, तर त्या जागी तिसऱ्यांदा काही करता येणार नाही. मग आईंना आहे ती सुटी कवळी जन्मभर.

यातून वाट काढण्याचा मी माझ्या परीने प्रयत्न केला. अभ्यासातून रुग्णाला कारण न देता कधीही बाहेर पडता येते, आणि अभ्यासाबाहेरच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी सांगितल्यास दिवा उघडपणे लावता येतो. म्हणून मी आईंना सुचवले की, आपण अभ्यासातून नाव काढून घेऊ या. आई म्हणाल्या, "वेडी का तू? अभ्यासात आहे म्हणून तर दिवा मिळतोय. मिळतोय तो सोडून कशाला जाऊ?" मी म्हणाले, बाहेर राहूनही मिळेल. त्या म्हणाल्या, "आणि नाही मिळाला तर? शिवाय सुनेच्याच कामातून सासूनं अंग काढून घेतलं, असं नको व्हायला. तुझं नाव खराब होईल." मग मी सुचवले की, निदान पेटीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवू. त्यावर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "त्या दिवशी तू म्हणालीस ते अजून मनात आहे का गं? मला दुसऱ्या कोणाकडून नाही धुऊन घ्यायचं काही."

त्यांना दिवा मिळाला आहे असे त्यांना कोणी सांगितले, तर मी सांगितले. त्या समजुतीपायी त्या गुरुवारी पुन्हा अंधाराला तोंड उघडून बसणार आहेत. मला शपथ मोडायची नाही, कारण मी आज आईंसाठी ती मोडली तर उद्या पिशवीतून निघालेल्या कुठल्याच चकतीवर कोणी विश्वास ठेवू नये. इतर रुग्णांच्याही घरी माणसे आहेत, त्यांनी पेटीवर विश्वास टाकला आहे. आणि शपथ न मोडता गुरुवारी स्टुलावर बसून पंख्याचा आवाज ऐकणे माझ्याच्याने होणार नाही. दिव्याने फरक पडत नसेलही. पण तो नसताना 'बरं झालं' म्हणणारी मी होते, त्याने मला फरक पडतो.

१०) सबब मला निर्दोष ठरवणारे पत्र मागे घ्यावे आणि आपणच अध्यक्ष या नात्याने आईंना त्यांचा गट सांगावा. तो सांगण्याचा अधिकार रुग्णाच्या हितासाठी अध्यक्षांना आहे, हे नियमांच्या शेवटच्या पानावर आहे व ते मी वाचले आहे.

परंतु लिपिकांनी सांगितले की, रुग्णाविषयीच्या अर्जावर रुग्णाची संमतीची सही लागते. आणि मजकूर गोपनीय असल्याने तो रुग्णास दाखवता येत नाही. मी विचारले, मग रुग्ण संमती कशाला देतो? ते म्हणाले, "सहीला." त्यानुसार काल मी या अर्जाच्या कच्च्या प्रतीचा शेवटचा कागद, मजकुराची बाजू खाली दुमडून, आईंपुढे ठेवला. त्यांनी हात पुसले. विचारले, "बढतीचं आहे का गं?" मी म्हणाले, नाही. "मग रजेचं असेल. माझ्यापायी किती रजा घेशील." मी म्हणाले, आई, वाचून तरी बघा ना. त्या म्हणाल्या, "तू लिहिलंयस ना? मग मी काय वाचायचं! चष्मा कुठं शोधत बसू." त्यांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली, शाई वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर मारली आणि कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

ती सही सोबत जोडली आहे. ती ग्राह्य धरू नये, अशी माझी विनंती आहे. ती माझ्यावरच्या विश्वासाची सही आहे, संमतीची नाही, आणि अशा आणखी एका सहीचा भार मला सोसणार नाही.

त्याऐवजी आपण आईंना आत बोलवावे. आज मी त्यांना तपासणीच्या निमित्ताने सोबत आणले आहे व त्या आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांना हा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा. मी स्वतः वाचला असता, पण परिच्छेद ५ आला की त्यातले दोन शब्द मी गाळीन, हे मला आताच कळते आहे. आपण वाचत असताना मी खोलीतच उभी राहीन. त्यानंतर त्यांनी अभ्यासात राहायचे की नाही, गुरुवारी पेटीवर कोणाला बसवायचे आणि मला घरात पुन्हा आई म्हणू द्यायचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. ते ठरवताना कोणी, विशेषतः आपण, माझी चूक नव्हती असे त्यांना सांगू नये.

आणखी एकच विनंती. परिच्छेद ५ वाचताना कृपया आवाज मोठा ठेवावा. आईंना एका कानाने कमी ऐकू येते, आणि जे ऐकू येत नाही ते त्या माझ्या बाजूने भरून काढतात.

आपली,
नियमात बसलेली व तरीही अपराधी,

(सही)
परिचारिका, निर्जंतुकीकरण कक्ष

दिनांक : सोमवार, शस्त्रक्रियेच्या आठवड्यातला.

सोबत : १) प्रशंसापत्र, मूळ प्रत, साभार परत.
२) रुग्णाची सही, वर लिहिल्याप्रमाणे ग्राह्य न धरण्यासाठी.